उंबरठा पुढे घेतला

राजा भुजंगदेवाने निंबसरचं राज्य जिंकलं त्या दुपारी निंबसरवर छत आलं. आधी वासे आले. त्याच्या आडदरच्या राजमहालाकडून निघून ते शेतांवरून, तळ्यावरून, बाजारावरून एकामागून एक पुढे सरकत गेले आणि मग त्यांच्यावर कौलं बसली. कुणी वर चढलेलं नव्हतं. निंबसरची माणसं माना वर करून बघत राहिली. शेवटचं कौल बसल्यावर त्यांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, कारण घरात वहाणा घालून हिंडणं बरं दिसत नाही.

राजाला यात काही नवल वाटलं नाही. निंबसर आता त्याचं घर होतं आणि घराला छत असतंच. त्याचं सगळं लक्ष निंबसरच्या युवराजाच्या घराकडे होतं. तिथे त्याची मुलगी दिलेली होती.

सगुणा त्याची एकुलती एक. लग्न लागून ती निघाली तेव्हा राजा उंबरठ्याच्या आत उभा होता आणि ती बाहेर. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. राजाचा जीव कासावीस झाला आणि अशा वेळी सगळे बाप जे म्हणतात तेच त्याच्या तोंडून गेलं. तो म्हणाला, "रडू नकोस. पंचमीला मी स्वतः येतो तुला न्यायला."

राणी द्वारका शेजारीच उभी होती. तिने फक्त मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग राजाच्याही लक्षात आलं, पण तोवर पालखी वळणाआड गेली होती.

आडदरच्या गादीवर बसलेल्याने आपल्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, असा त्या घराण्याचा रिवाज होता. ओलांडला तर तो राजा राहत नाही, एवढंच. शिक्षा वगैरे काही नव्हती. पण आजवर कुणी ओलांडला नव्हता, त्यामुळे राजा नसलेला माणूस म्हणजे नक्की काय, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. राजे अंगणात घोडा फिरवत, गच्चीवरून शिकार करत आणि खिडकीतून न्यायनिवाडा करत. मेल्यावरसुद्धा त्यांना दारातून नेत नसत. मागच्या भिंतीला भगदाड पाडून तिथून बाहेर काढत आणि भगदाड लगेच लिंपून टाकत. भुजंगदेवाच्या बापाला असंच नेलं होतं. लिंपलेली जागा अजून ओली होती.

पंचमी आली. द्वारकाने परसातल्या चिंचेला झोका बांधला आणि पुरणाची दिंडं उकडायला ठेवली. पंचमीला घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही आणि जमीन खणायची नाही. राजा सकाळपासून उंबरठ्याशी उभा होता. शेवटी त्याने सेनापती हैबतरावाला मुराळी म्हणून निंबसरला पाठवलं. माहेरून लेकीला आणायला जातो तो मुराळी. हैबतराव तीन पिढ्यांच्या ओळखीचा माणूस होता, तिला कडेवर खेळवलेला. तरी तो एकटाच परत आला.

"काय म्हणाली?" राजाने विचारलं.

"बोचकं बांधून ठेवलंय म्हणाल्या. आबा स्वतः येतो म्हणालेत, मी वाट बघते, म्हणाल्या."

"तू सांगितलं नाहीस, मला येता येत नाही म्हणून?"

"सांगितलं, महाराज. त्या म्हणाल्या, आबा खोटं बोलत नाहीत."

आत चुलीपाशी द्वारकाने हे ऐकलं आणि म्हणाली, "लेक आल्याशिवाय पंचमी सरायची नाही माझ्या घरात." त्याप्रमाणे पंचमी सरली नाही. सूर्य मावळला, उगवला, आणि पुन्हा पंचमीच होती. तीच दिंडं उकडत होती. झोका रिकामा हलत होता.

राजाने बरेच दिवस उंबरठ्याकडे बघण्यात घालवले. तेव्हा तो करंगळीएवढा उंच होता, सागाचा, मधोमध झिजलेला. एका सकाळी तो हैबतरावाला म्हणाला, "हा केवढा जड असेल?"

"कधी उचलून बघितला नाही, महाराज."

"बघ."

खणायची तर सोय नव्हती. हैबतरावाने नुसता हात लावला आणि उंबरठा लहान मुलाच्या दुधाच्या दातासारखा सुटून आला. राजाने त्याला समजावून सांगितलं. रिवाज उंबरठा ओलांडू नये असा आहे. उंबरठा पुढे घेऊ नये, असं कुणी म्हटलेलं नाही. सैन्याने उंबरठा खांद्यावर घेऊन पुढे चालायचं आणि राजाने मागून यायचं. उंबरठा निंबसरच्या पलीकडच्या वेशीवर ठेवला की निंबसर घरात येईल, आणि आपल्याच घरात लेकीला भेटायला काय अडचण आहे? हैबतरावाला हे पटलं. पटलं नसतं तरी त्याने उचललाच असता.

लढाई झाली नाही. निंबसरचं सैन्य वेशीवर आलं खरं, पण समोरून वाफेचा आणि वेलचीचा वास आला. समोरच्या घरात पंचमी आहे हे त्यांना कळलं. सणाच्या दिवशी कुणाच्या दारात पातं उघडणार? त्यांच्या सेनापतींनी तलवारी म्यानात ठेवल्या आणि द्वारकाच्या बायकांनी पाट मांडले. ते जेवायला बसले असताना उंबरठा त्यांच्या पाठीमागून पुढे गेला. हात धुवून उठले तेव्हा ते घरचे झाले होते.

राजा पुढे घाईने युवराजाच्या घरी गेला. दारातली रांगोळी ओली होती. चुलीवर दूध होतं, उतू जाण्याच्या बेतात. राजाने ते फडक्याने धरून उतरवलं. सगळ्या खोल्या बघितल्या, पण घरात कुणी नव्हतं.

मग तो उंबरठ्यापर्यंत चालत आला आणि त्याने बाहेर पाहिलं. बाहेर कोरडगडचं राज्य सुरू होत होतं. अगदी समोर, हाकेच्या अंतरावर, तेच घर होतं. दारात ओली रांगोळी. जावई शिडीवर चढून पन्हळ नीट करत होता. त्याने अदबीने हात जोडले. सगुणा बोचकं काखेत घेऊन बाहेर आली.

"आबा, आलात?"

"आलोच. तू तिकडे कशी गेलीस?"

"मी कुठे गेले? मी घरीच आहे. तुम्हीच जागा घेतलीत ती," ती म्हणाली. "माहेरात सासर कसं असेल, आबा?"

राजाला हे आधी सुचलं नव्हतं. त्याने खाली उंबरठ्याकडे पाहिलं. तो आता वीतभर उंच दिसत होता. नव्या जागेत लाकूड फुगलं असेल, असं त्याला वाटलं.

"या ना. एक पाऊल तर टाकायचंय," सगुणा म्हणाली.

"थांब जरा. एवढा उंबरठा पुढे घेतो."

"बरं," ती म्हणाली आणि बोचकं पायरीवर ठेवून त्यावर बसली.

अशा रीतीने कोरडगड घरात आलं. मग लवणपूर, मग हत्तींचं राज्य, मग बंदराचं. दरवेळी सैन्य सामोरं येई, वेलचीचा वास घेई आणि पाटावर बसे. दरवेळी राजाला घर रिकामं सापडे आणि दूध उतू जाण्याच्या बेतात असे. ते उतरवायची त्याला सवय झाली. उंबरठा पुढे जाई तसा उंचही होई. आता तो गुडघ्यापर्यंत आला होता आणि उचलायला जास्त माणसं लागत.

जिंकून घेतलेल्या राज्यांचे राजे कुठे जाणार? ते घरातच राहिले, लग्नाला आलेले पाहुणे लग्न आटोपल्यावरही राहतात तसे. दिवसभर ते झोपाळ्यावर बसून भुजंगदेवाने हे सगळं का केलं असावं, याच्यावर बोलत.

"मीठ," लवणपूरचा नरसिंगदेव म्हणाला. "दुसरं काय असणार? आमचं मीठ जगात नाही."

"मिठासाठी कुणी एवढं चालत नाही," हत्तींच्या राज्याचा राजा म्हणाला. "त्याला हत्ती हवे होते."

भुजंगदेव तिथून चालला होता. नरसिंगदेवाने त्याला थांबवलं. "तुम्हीच सांगा एकदाचं. आम्ही घरचीच माणसं आहोत आता."

"लेकीला माहेरी आणायचंय," भुजंगदेव म्हणाला. "पंचमीला."

सगळे राजे हसले. नरसिंगदेवाने डोळे पुसले. "नसेल सांगायचं तर राहू दे," तो म्हणाला, आणि झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

भुजंगदेव खोटं बोलला नव्हता, पण सगळं सांगितलंही नव्हतं. कौलं बसतानाचा आवाज त्याला आवडू लागला होता. उंबरठा टेकला की मागून टप टप टप असा आवाज डोंगरांवरून येई आणि त्याच्या डोक्यावरून पुढे जाई. तो डोळे मिटून ऐकत राही. त्या वेळी त्याला सगुणाची आठवण येत नसे. याची त्याला लाज वाटे आणि तो पुढच्या खेपेला जास्त घाई करी.

घर आता फार लांब झालं होतं. द्वारका मूळच्या स्वयंपाकघरात होती आणि राजा उंबरठ्यापाशी. मधे कित्येक राज्यं होती. ती दिंडं पाठवी, ती हातोहात पुढे येत आणि राजाच्या पानात पडत तेव्हाही चटका बसेल एवढी गरम असत. निरोपही तसेच हातोहात येत. एकदा निरोप आला, "ओलांडून टाका ना."

राजाने उलट निरोप पाठवला, "मग राजा कोण?"

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. ते सांगणारी बाई कोरडगडची होती आणि तिच्या तोंडी द्वारकाचाच ठसका होता. "होईल कुणी तरी. नाही तर नाही होणार. चूल कुणी राजा आहे म्हणून पेटत नाही."

निरोप देऊनही ती बाई तिथून हलेना. तिचा चेहरा पांढुरका पडला होता, माठाखाली राहिलेल्या गवतासारखा. घरातल्या बऱ्याच जणांचे चेहरे आता असे झाले होते. पिकं उभी होती, पण पंचमीला विळा चालवायचा नाही, म्हणून ती वाढत वाढत वाशांना टेकली होती आणि त्यांना दाणा धरत नव्हता. पाऊस कौलांवर पडल्याचं ऐकू येई. खाली थेंब येत नसे.

"महाराज, एक मागू?" बाई म्हणाली. "आमच्या आळीवरचं एक कौल काढाल? पोराने चांदणी बघितलेली नाही."

"पंचमी झाली की काढू," राजा म्हणाला. "पंचमी झाली की सगळंच काढू."

"ती कधी व्हायची?"

"सगुणा आली की."

बाईने मान हलवली आणि ती आत गेली. आतच जाता येत होतं.

राजाने पुन्हा उंबरठ्यावरून बाहेर पाहिलं. तो आता त्याच्या कमरेइतका होता. पलीकडे सगुणा पायरीवर बसली होती आणि तिचे केस पांढरे झाले होते. राजा चमकला. घरात पंचमी होती म्हणून घरात कुणी म्हातारं झालं नव्हतं. बाहेर दिवाळ्या येऊन गेल्या होत्या, संक्रांती येऊन गेल्या होत्या. जावई दिसत नव्हता. शिडी भिंतीला टेकून ठेवलेली होती.

"जावईबापू कुठे आहेत?"

"गेले ते," सगुणा म्हणाली. "झाली की बरीच वर्षं. पोरंही गेली आपापल्या वाटेने. तुमच्या घरातच असतील कुठे तरी. दिसली तर जेवायला घाला."

तिला बघता बघता त्याच्या लक्षात आलं की ती आता आपल्यापेक्षा मोठी दिसते. कपाळावरची ती आठी त्याच्या आईची होती.

"तू का नाही आलीस निघून?" तो म्हणाला. "इतकं जवळ होतं."

"न्यायला आल्याशिवाय लेक येते का, आबा? आणि तुम्ही येतच होतात की. रोज दिसत होतात येताना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते राजाला जास्त लागलं. त्याने हैबतरावाला हाक मारली आणि उंबरठा उचलायला सांगितलं. त्याला वाटलं, आता वेळ घालवून चालणार नाही.

पुढची राज्यं भराभर आली. राजे आले, जेवले आणि झोपाळ्यावर जागा करून बसले. झोपाळाही लांबत होता. समुद्रावर वासे गेले तेव्हा मासे पाटाखाली पोहू लागले. आणि मग एका दुपारी सैन्य थांबलं.

हैबतराव राजाकडे आला. त्याची दाढी, कापायची नाही म्हणून, कमरेला गुंडाळलेली होती. "पुढे रस्ता संपलाय, महाराज."

"काय आहे पुढे?"

"आपलंच घर. मागची बाजू."

घर चालत चालत जगाला वळसा घालून आपल्याच पाठीशी आलं होतं. उंबरठा राजाच्या छातीच्या वर गेला होता. त्याने टाचा उंचावल्या. पलीकडे जगात उरलेली सगळी बाहेरची जागा होती. ती एका खोलीएवढी होती. त्या जागेत सगुणाची पायरी होती, पायरीवर सगुणा होती आणि तिच्या पाठीला आडदरच्या राजमहालाची मागची भिंत लागली होती. जिथून त्याच्या बापाला बाहेर काढलं होतं ती लिंपलेली जागा तिच्या डोक्यामागे होती, अजून ओली. तेवढ्या तुकड्यावर आभाळ होतं. ते निळं होतं. राजाने किती तरी दिवसांत नजर वर करून ते पाहिलं नव्हतं.

"उचलू का?" हैबतरावाने विचारलं. "शेवटची खेप. भिंतीला नेऊन टेकवला की झालं. सगळं घर एक होईल."

"मग सगुणा कुठे राहील?"

हैबतरावाने विचार केला. तो आयुष्यभर सांगितलेलं करत आला होता आणि असं काही त्याला कुणी विचारलं नव्हतं. "माहेरात त्यांचं सासर राहत नाही," तो हळू म्हणाला. "आणि बाहेर तर काही उरणार नाही."

"आबा," पलीकडून सगुणाने हाक मारली. आवाज म्हातारा होता, पण हाक पूर्वीचीच, आबामधला दुसरा आ लांबवणारी. "खरं सांगा. तुम्ही मला न्यायला निघालात की राजा राहायला?"

झोपाळ्यावरचे राजे ऐकत होते. राजाला वाटलं, आता खरं बोललेलं बरं.

"दोन्हीला," तो म्हणाला. "दोन्ही जमेल असं वाटलं होतं मला."

सगुणाने बोचकं उचललं आणि म्हणाली, "या मग. एकच पाऊल राहिलंय."

राजाने पाट मागवले. पंगतीचे सगळे पाट आले. त्याने ते एकावर एक रचायला लावले. मागून द्वारकाचा निरोप हातोहात येत होता, पण अजून पोचला नव्हता. राजा पाटांवर चढला. त्याने उंबरठ्याच्या कडेला हात घातले, पोट घासत अंग वर ओढलं आणि एक पाय पलीकडे टाकला. उंबरठ्यावर बसू नये, असं त्याला लहानपणी आईने बजावलं होतं. तो बसला.

आतल्या पायाखालचे पाट सरकून पडले. बाहेरच्या पायाने त्याने जमीन चाचपली, ती लागेना. लाकूड त्याच्याखाली अजून भराभर वाढत होतं. एक पाय घरात लोंबत होता आणि एक उन्हात. उन्हातल्या पायाला ऊब लागत होती. राजाला ते फार बरं वाटलं आणि त्याला रडू आलं.

"आलात," सगुणा म्हणाली. माहेरचं माणूस दारी आलं की करतात तसा तिने वाकून नमस्कार केला. म्हणजे वाकावं लागलं नाही. पाय तिच्या कपाळाच्याच उंचीला होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. तिचं कपाळ गार होतं.

खाली, घराच्या बाजूला, सैनिकांनी उंबरठ्याखाली हात घातले होते. वर बसलेला राजा आतला की बाहेरचा, हे त्यांना कळत नव्हतं. हैबतराव मान वर करून बघत होता.

"महाराज," त्याने विचारलं, "उचलू का?"